तुमच्या फोटोची मनीमाऊ झाली का? अनुभव सांगा

परवा रात्री लाइट गेली होती, तेव्हा पोरीनं मोबाइलवरच्या एआय ॲपनं माझ्या फोटोची मांजर केली. कान टोकदार, डोळे बशीएवढे, पण कुंकू अन् एका बाजूला कललेला चष्मा माझाच. शेजारची काकू पाहताच म्हणाली, "अवं, हे तं तूच हायेस!" तुमच्याकडे काय झालं? जमलेलं लिहा, फसलेलं तर लिहाच.

वरूड तालुक्यातून
आबाजीचा भिंतीवरचा फोटो काचेसकटच टिपला. काचेवर ट्यूबलाइटची तिरीप होती, तिचा ॲपनं बोक्याच्या कपाळावर पांढरा पट्टा करून टाकला. आबाजीच्या झुपकेदार मिशा होत्याच, त्यावर बोक्याच्या आणखी फुटल्या. आई हसता हसता गप्प झाली. मग म्हणाली, "रागावले की असेच दिसत." दुसऱ्यांदा फोटो फ्रेममधून काढून ओसरीत उजेडात घेतला. पट्टा गेला, मिशा एकच जोडी राहिल्या, पण टोपीची घडी आता वेगळीच. ॲप फोटोवर रंग चढवत नाही, पाहून नवंच चित्र काढतं, हे तेव्हा कळलं. आम्ही पहिलाच बोका ठेवला.

दारव्ह्याकडून
नुसतं "याची मांजर कर" लिहिलं, तर माझा शर्ट घातलेली खरीखुरी मांजर आली! मी कुठंच नाही. "चेहरा माझाच, कान-मिशा मांजरीच्या, कार्टूनसारखं" असं लिहिल्यावर जमलं. खिशावरची मराठी अक्षरं मात्र अशी आली की माझं नाव मलाच वाचता येईना.

आर्वीजवळून
तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरतात त्या सणाला, पोट्ट्याचा बैल करून पाहिला. भेसूर, बाप्पा! बैलाचं तोंड लांब, डोळे दोन बाजूंना. माणसाचा चेहरा तिथं बसतच नाही. मांजरीचे डोळे आपल्यासारखे समोर, तोंड आखूड. शेवटी मांजरीलाच शिंगं लावून बेगड चढवला. पोट्टं नंदीऐवजी सगळ्यांना मोबाइलच दाखवत फिरलं, बोजारा (घरोघरी मिळणारा खाऊ-पैसा) कमी पडला.

फ्लेक्सवाला, यवतमाळ जिल्हा
बर्थडेला अशा मांजरी रोज येतात. १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र ३ फुटांवर ताणलं तर इंचाला जेमतेम २८ पिक्सेल उरतात, मिशांच्या पायऱ्या दिसतात. कपावर झकास निघतं. शिव्या मात्र प्रिंटरला.

नाव नको
माझ्या पोरीचा फोटो कोणीतरी न विचारता मांजर करून गावच्या ग्रुपवर टाकला. गोड होता, खोटं काहून बोलू? पण कोणत्या ॲपात टाकला ते त्यालाच आठवेना. आता तिथला फोटो पुसायला सांगू कोणाला?

धागा काढणारी
हे मनात आलंच नव्हतं. वरूडवाले, तो डबल मिशांचा बोका दाखवा ना.

वरूड तालुक्यातून
आईला विचारून टाकतो.