पैठणीचा हिरवा रंग गळ्यावर उतरतोय, मदत हवी आहे

मंडळी, पैठणीच्या कॅटलॉगचं शूट आहे. मॉडेल सावळी, साडी गडद हिरवी, काठ जरीचे. १२० सेंमीचा ऑक्टाबॉक्स (उजेड मऊ करणारा अष्टकोनी डबा लावलेला मेन लाइट) ४५ अंशांवर, कॅमेरा सेटिंग एफ/८, १/१६०, आयएसओ १००. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) चेहऱ्याजवळ ग्रे कार्ड, म्हणजे करड्या रंगाचं संदर्भ कार्ड, धरून घेतलाय. कपाळ, गाल अगदी बरोबर येतात, पण हनुवटीखाली आणि गळ्यावर पदरावरून परतलेला हिरवट उजेड पडतो. एडिटिंगमध्ये टिंट (हिरवा-मॅजेंटा तोल) मॅजेंटाकडे सरकवला की कपाळ गुलाबी. ऑरेंजचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) छेडलं तर जरीच मरते, त्वचा आणि जरी दोन्ही एकाच रंगपट्ट्यात ना! दर फोटोला मास्क लावणं (फक्त गळ्याचा भाग निवडून सुधारणं) जिवावर येतं.

चेहऱ्याखाली, फ्रेमबाहेर पांढरा रिफ्लेक्टर धरून हा हिरवा मारता येईल का? की वेगळा फिल लाइट (सावली भरणारा दुसरा दिवा) हवा? तो मेन लाइटपेक्षा किती स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवता? (त्वचा उजळवायची नाहीये, ते उपाय नकोत.)