शाळेची प्रार्थना ऐकू येते, पण शाळेत जायला वाट नाही

उंड्रीची रहिवासी : आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून मुलीची शाळा आहे. सकाळची प्रार्थना गॅलरीत स्पष्ट ऐकू येते. तरीही शाळेत पोहोचायला मुख्य रस्त्याने वळसा घालून दोन किलोमीटर जावे लागते. उंड्री २०१७ मध्ये आणि शेजारची पिसोळी २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण तोवर आमच्या भागात शेतागणिक गृहप्रकल्प उभे राहिले होते आणि ज्याने त्याने आपल्या सात-बाऱ्यापुरता रस्ता आखून तो कुंपणाशी संपवला होता. त्यामुळे दूध आणायला निघालेला माणूस, शाळेची बस आणि पाण्याचा टँकर हे सगळे एकाच रस्त्यावर येतात. सोसायट्यांमधून निदान पायी आणि सायकलने जाण्यापुरती वाट सक्तीने खुली करावी, असे माझे ठाम मत आहे.

एका सोसायटीचा माजी सचिव : सक्तीला माझा विरोध आहे. आतले रस्ते आम्ही आमच्या पैशांनी बांधले असून त्यांची देखभालही आम्हीच करतो. फाटक उघडले की चार दिवसांत तिथून दुचाक्या सुसाट जाऊ लागतील, आणि आमची मुले त्याच रस्त्यावर खेळतात. विकास आराखड्यातले रस्ते पूर्ण करणे हे महापालिकेचे काम आहे. त्याचा भार रहिवाशांवर का टाकावा?

निगडीकर : आमच्या प्राधिकरणात, म्हणजे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने वसवलेल्या भागात, आधी रस्ते आखले गेले आणि मग घरे आली. एक रस्ता खोदला तर शेजारच्या गल्लीने जाता येते, त्यामुळे सगळी वाहने एकाच चौकात तुंबत नाहीत. शहर वाढवायचे तर ते असेच वाढवावे.

भूमिपुत्र : ते सरळ रस्ते आमच्यासारख्यांच्या शेतांवर आखले गेले, हेही लिहा. १९७२ साली स्थापन झालेल्या त्या प्राधिकरणाकडून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून शेतकऱ्यांना कित्येक वर्षे झगडावे लागले. रस्ते आधी हवेत, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी नगररचना योजनेचा मार्ग आहे. तिच्यात सगळे जमीनमालक आपापला हिस्सा सोडतात, त्यातून रस्ते निघतात आणि उरलेली जमीन नीट आकाराचा भूखंड होऊन मूळ मालकाकडेच राहते. मुंबई प्रांतात अशा योजनांचा कायदा १९१५ पासून होता आणि अहमदाबाद याच पद्धतीने विस्तारत गेले. आपल्याकडे मात्र १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात तरतूद असूनही ती फारशी वापरली गेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

उंड्रीची रहिवासी : पिसोळीकडच्या मोकळ्या शेतांसाठी आपले म्हणणे मला पूर्ण पटते. पण जिथे बारा मजले उभे आहेत, तिथे कोणते भूखंड नव्याने आखणार? तिथे भिंतीतून वाट काढण्यावाचून दुसरा उपाय नाही.

एका सोसायटीचा माजी सचिव : दुचाकी शिरणार नाही असे लोखंडी खांब, दिवा आणि रोजची झाडलोट यांची लेखी हमी महापालिकेने दिली, तर शाळेच्या वेळेपुरते मागचे फाटक उघडण्याचा ठराव मी सर्वसाधारण सभेत मांडेन. सक्तीला मात्र माझा विरोध कायम आहे.