सिल्डेनाफिल, टाडालाफिल आणि डोळे: गिऱ्हाइकाला नेमकं काय सांगावं?

औषधदुकान_काउंटर:
ताठरतेच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या दोन तक्रारी सतत कानावर येतात: ट्यूबलाइट निळसर दिसते आणि उजेड खुपतो. शिवाय 'यानं दृष्टी जाते का हो?' हा प्रश्न हळू आवाजात असतोच. निळसर दिसणं ही दृष्टी जाण्याची सुरुवात समजायची का? गोळी न देता कोणाला डॉक्टरांकडे परत पाठवायचं?

दृष्टिपटल:
नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. या गोळ्या पीडीई-५ हे विकर (एन्झाइम) अडवतात. त्याचंच भावंड पीडीई-६ डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींत असतं, आणि सिल्डेनाफिल त्यालाही थोडं अडवतं. त्यामुळे निळी झाक येते. १०० मिलिग्रॅमला ती बरीच जास्त दिसते, २५ ला क्वचित. औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण चार तासांनी निम्मं होतं, म्हणून झाक त्याच दिवशी ओसरते. दुसऱ्या दिवशीही राहिली तर पडदा तपासून घ्यायलाच हवा. टाडालाफिल पीडीई-६ ला फारसं शिवत नाही, त्यामुळे रंगाची तक्रार कमी असते.

दृष्टी जाते ती 'नायॉन'मध्ये. डोळ्यामागच्या नसेच्या तोंडाशी रक्तपुरवठा तुटतो. सहसा दुखत नाही, आणि पुष्कळदा सकाळी उठल्यावरच लक्षात येतं. ५० च्या पुढच्या पुरुषांत, या गोळ्या न घेणारे धरूनही, वर्षाला दर लाखात २.५ ते ११.८ जणांना हा आजार होतो. अमेरिकेच्या एफडीएनं २००५ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात त्याचा इशारा घातला. २०२२ मध्ये दोन लाखांहून जास्त पुरुषांच्या नोंदींवरच्या अभ्यासात नियमित घेणाऱ्यांत हा धोका सुमारे दुप्पट दिसला. मात्र मधुमेह, रक्तदाब आणि ताठरतेची तक्रार बहुधा एकाच माणसात असतात, त्यामुळे सगळा दोष गोळीचाच असं सिद्ध झालेलं नाही.

ओळखायचं असं: एक डोळा तळहातानं झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, मग दुसरा. नजर मधल्या तारखेवर ठेवल्यावर एका डोळ्याला खालच्या ओळी करड्या पडद्यामागे गेल्यासारख्या वाटल्या, तर पुढची गोळी बंद आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. चष्म्याच्या दुकानात जाऊन वेळ घालवू नये. सोबत डोकेदुखी किंवा चावताना जबडा दुखत असेल तर रक्तवाहिनीच्या सुजेचा वेगळा आजार असू शकतो. त्यात स्टेरॉइड ताबडतोब सुरू झालं तरच दुसरा डोळा वाचतो. गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ डॉक्टरांना सांगा. लाजेपोटी लोक नेमकं हेच लपवतात.

मात्रा_आणि_मेळ:
काउंटरवर पहिला प्रश्न छातीदुखीच्या गोळीचा. नायट्रेट चालू असेल तर सरळ 'नाही'. जिभेखालची सॉर्बिट्रेटसुद्धा त्यातच आली. रक्तदाब इतका उतरतो की जीवावर बेततं. पुढचा प्रश्न: पूर्वी एका डोळ्याची नजर अचानक गेली होती का? मग मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-सिगारेट विचारा.

आपल्याकडे हमखास निसटणारी गोष्ट म्हणजे गजकर्णासाठी चालू असलेलं इट्राकोनाझोल. ते यकृतात सिल्डेनाफिलचा निचरा रोखतं. मग ५० ची गोळी अंगात जास्त मात्रेसारखी वागते आणि डोळ्यांच्या तक्रारी वाढतात. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तेच. अशा वेळी, तसंच ६५ च्या पुढे किंवा प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर, सुरुवात २५ नं, तीही डॉक्टरांना विचारून. मुळात हे शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही.

'शक्तिवर्धक' पुड्यांबद्दल तर आवर्जून बजावा. त्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं, किती ते कोणालाच ठाऊक नसतं. न्यूयॉर्कमधल्या २०१८ च्या एका नोंदीत ऑनलाइन मागवलेलं द्रवरूप सिल्डेनाफिल न मोजता बाटलीतूनच प्यायलेल्या माणसाला सगळं लालसर दिसू लागलं. पडद्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींनाच इजा झाली होती.

औषधदुकान_काउंटर:
नायॉनमध्ये एक डोळा आधीच गेलाय आणि गिऱ्हाईक म्हणतं 'निळं न दाखवणारी टाडालाफिल द्या', तर?

दृष्टिपटल:
देऊ नका. निळसर न दिसणं म्हणजे नस सुरक्षित असं नव्हे, नायॉनचा इशारा या गटातल्या सगळ्याच गोळ्यांना आहे. गोळी न घेताही पाच वर्षांत अशांपैकी साधारण १५ टक्क्यांचा दुसरा डोळा जातो. नसेचं तोंड जन्मतःच दाटीचं असेल तर धोका वाढतो. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पाहिल्यावर ते कळतं, म्हणून आधी ती तपासणी. रातांधळेपणाचा आनुवंशिक आजार, रेटिनायटिस पिग्मेंटोसा, असलेल्यांनाही परस्पर देऊ नका: त्यांतल्या काहींत पीडीई-६ मध्येच जन्मजात दोष असतो.