अहेव गेली म्हणून भाग्यवान?

लालबागची लेक
परवा इथे ‘माझी आई’ असा एक लेख आला, ‘भायखळा ते बार्शी’ यांचा. वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आई बार्शीची. 16व्या वर्षी लग्न, चार बाळंतपणं, सासूचं अंथरुणातलं सगळं केलं, दुपारी नवरा जेवून आडवा झाला की कापडदुकानाच्या गल्ल्यावर बसायची. 62व्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. लेखाचा शेवट असा: ‘कधी दवाखान्याची पायरी चढली नाही, कधी काही मागितलं नाही. बाबांच्या आधी, मळवट भरून, हिरव्या साडीत अहेव गेली. आयुष्याचं सोनं झालं.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग.

मी नाही जोडले. दवाखान्याची पायरी चढली नाही हे कौतुक कसलं? हा कॅन्सर काही एका उन्हाळ्यात होत नाही, आत वर्षानुवर्षं शिजत असतो. पाळी जाऊन काळ लोटला तरी पुन्हा अंगावरून जायला लागतं, कंबर धरते, वास येतो. बाई जुन्या साड्यांच्या घड्या वाढवते आणि अंगावर काढते. घरात कुणाला कळत नाही म्हणता? न्हाणीघर एकच असतं ना! कळतं, पण विचारायचं कुणी?

आणि गाव कोणतं, तर बार्शी! नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल असलेलं गाव. तिथल्याच डॉक्टरांनी मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांबरोबर गावोगाव जाऊन जो अभ्यास केला, त्यात सव्वा लाखाहून जास्त बायका होत्या. 2009मध्ये निष्कर्ष छापून आले. 30 ते 59 वयात एकदाच, फक्त एकदाच, एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणजे ज्या मरणाचं तुम्ही सोनं करताय, ते टळू शकणारं मरण होतं.

जाता जाता, अख्ख्या लेखात आईचं नाव एकदाही नाही. दुकानाचं आहे.

शिवडी स्लो
कुणाच्या आईला जाऊन महिना झाला नसेल आणि तुम्ही पंचनामा घेऊन बसलात. जरा तरी रीत असते.

पंढरपूर-मिरज पॅसेंजर
दुरुस्ती. बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे. अभ्यास झाला तो उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांत. त्यामुळे या माउलीच्या दारात कुणी चाचणी घेऊन आलं असेल असं नाही. बाकी चालू द्या.

लालबागची लेक
दारात नसेल आलं. पण हॉस्पिटल रिक्षाच्या अंतरावर होतं की नाही?

भायखळा ते बार्शी
ताई, मी आईवर लिहिलं होतं, तुम्ही माझ्यावर खटला भरलात. तर ऐका. आईला मी मुंबईला आणली होती. टाटाला दाखवलं, तपासण्या झाल्या, तोवर तिसरी स्टेज होऊन गेली होती. शेकणी, म्हणजे रेडिएशन, सुरू झाली. आमची खोली 10 बाय 12ची, संडास बाहेर, जिना लाकडी आणि उभा. ती रोज विचारायची, ‘ह्यांच्या चहाचं कोण बघतंय?’ शेवटी हट्ट करून परत गेली. हे लेखात लिहायचं होतं का? लोकांना आईचं हसू दाखवायचं होतं, शेकल्यावर काळी पडलेली कातडी नाही.
आणि तिचं नाव चारचौघांत सांगायला मी बांधील नाही.

दोन डबे मागे
म्हणजे पायरी चढली होती! मग ‘चढली नाही’ असं का लिहिलं?

भायखळा ते बार्शी
त्याआधीच्या आयुष्याबद्दल लिहिलं होतं. समजून घ्यायचं असेल तर समजतं.

परळ नाईट ड्युटी
मी नर्स आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. तिसऱ्या स्टेजला येणाऱ्या बायकांचं बोलणं ठरलेलं असतं: ‘आधी धाकटीचं लग्न उरकू म्हटलं.’ मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाने 1998पासून केलेलं काम माहीत आहे का? दहावी झालेल्या वस्तीतल्या मुलींना काही आठवडे शिकवलं. त्या नुसतं ॲसेटिक आम्ल, म्हणजे घरातला व्हिनेगर असतो ना तोच पदार्थ, गर्भाशयाच्या तोंडाला लावून डोळ्यांनी तपासायच्या. दीड लाख बायका, मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. ना मोठं यंत्र, ना मोठा डॉक्टर.
पण नातेवाइकांनी राहायचं कुठे हा प्रश्न कुणी विचारत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा भरलेली असली की माणसं परळच्या फुटपाथवर चूल मांडतात. पावसाळ्यात येऊन बघा एकदा. इथे ‘सोनं’, ‘अहेव’ यावर भांडताय!

भाद्रपदी
भांडायला हवंच, कारण अहेव जाण्याला आपल्यात मान आहे. पितृपक्षातली नवमी, अविधवा नवमी, खास अशा बायकांसाठी ठेवलेली आहे. सवाष्ण जेवायला बोलवायची, ओटी भरायची. एवढा मान पुरुषालासुद्धा नाही. तुम्हाला सगळ्यातच अन्याय दिसतो.

ठाणे सेमी-फास्ट
मान आहे हो, सवाष्ण कुठे आहे? गेल्या वर्षी नवमी आली कामाच्या दिवशी. चाळीतल्या तिघींना विचारलं, एकीला ऑफिसचं ऑडिट, एकीची मुलाची परीक्षा, तिसरी म्हणे ‘पित्राचं जेवत नाही’. शेवटी सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोला बसवलं. पुरणपोळी डब्यात बांधून घेऊन गेली.

दोन डबे मागे
आमच्याकडे दादरचा एक केटरर सवाष्णीसकट ताट पाठवतो. खोटं नाही. सवाष्णीचे वेगळे पैसे.

भाद्रपदी
हे मात्र अती झालं. सवाष्ण भाड्याने?

ठाणे सेमी-फास्ट
गुरुजी भाड्याने चालतात, सवाष्ण का नको? नंबर द्या हो.

शिवडी स्लो
माझी आजी सांगायची की नवरा हयात असेपर्यंतच नवमीला करायचं, तो गेला की बंद. तिच्या मानालासुद्धा त्याच्याच श्वासांची मुदत.

भाद्रपदी
सगळीकडे तसं नाही. आमच्याकडे पुढेही करतात. प्रत्येक घराची रीत वेगळी.

बदलापूर उशिरा
इतका वेळ वाचतेय. मी ‘अहेव’ नाही. नवरा गेला तेव्हा मी 41ची होते. पुतण्याच्या हळदीला पहाटेपासून स्वयंपाकघरात मीच होते, मसालेभाताचं पातेलं मी उतरवलं. हळद लावायला मात्र जाऊबाई म्हणाल्या, ‘तू जरा आत थांब.’ अहेव मरण सोन्याचं ठरवलं की आमचं जगणं आपोआप पितळेचं होतं, हे भाद्रपदी, तुम्हाला दिसत नाही का? नवऱ्याच्या आधी मेले असते तर माझ्याही नावाने पुरणपोळी झाली असती. जगले, हा माझा गुन्हा.

भाद्रपदी
तुमच्या जावेचं वागणं चूकच. पण एका घरावरून अख्खी परंपरा मोडीत काढायची का?

बदलापूर उशिरा
एक घर? मे 2022मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला, की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद. मग सरकारने परिपत्रक काढून बाकी गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. एका घरासाठी काढलं का?

पंढरपूर-मिरज पॅसेंजर
ठराव झाला, पाळतात किती हा वेगळा विषय.

बदलापूर उशिरा
वेगळा विषय नेहमीच असतो तुमच्याकडे.

काळा कोट, चर्चगेट
भावना बाजूला ठेवून हिशेब सांगतो. जमशेदपूरला 1989मध्ये एका समारंभात आग लागली, बायकामुलं गेली. गृहिणीच्या जिवाची भरपाई ठरवताना सुप्रीम कोर्टाने 2001मध्ये तिच्या घरकामाची किंमत धरली महिना 3,000 रुपये. तीही 34 ते 59 वयाच्या बाईची. त्याहून वय वाढलं की आणखी कमी. पुढच्या निकालांत कोर्टाने भाषा सुधारली, आकडेही वाढले. पण अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील आजही पहिलं वाक्य बोलतो, ‘मयत काही कमावत नव्हती.’ या आईने गल्ला सांभाळला, तरी दुकानाच्या कागदावर ती कुठे असेल? नसेलच.

भायखळा ते बार्शी
आहे. जीएसटी तिच्या नावावर होता. बाबांनी कर वाचवायला केलं होतं, पण होता.

काळा कोट, चर्चगेट
वा! म्हणजे सरकारला तिचं नाव माहीत होतं, तुमच्या वाचकांना नाही.

शिवडी स्लो
हे लागट झालं.

भायखळा ते बार्शी
लागू दे. ‘लालबागची लेक’, तुम्हाला हवंय ते देतो. हो, आईने अंगावर काढलं. हो, बहिणीला माहीत होतं, वर्षभर आधीपासून. आईनेच शपथ घातली होती, ‘दादाला सांगू नको, त्याच्या लोनचे हप्ते चालू आहेत.’ आता मला सांगा, यात मी कुठे ‘विचारलं नाही’ असं होतं? मला कळलंच नाही. तुम्ही मुंबईत बसून आम्हा मुलग्यांना शिव्या घालता, पण बाईनेच ठरवलं असेल तर?

लालबागची लेक
तिने ठरवलं हे कबूल करते. हप्त्यांपुढे आपलं रक्त जाणं लहान, असं ठरवण्याइतकी ती शहाणी होती, आणि तेच तर तिला 16व्या वर्षापासून शिकवलं होतं. तुमच्यावर राग नाही फारसा. पण पुढच्या वेळी लिहाल तर ते शपथेचं लिहा. ‘सोनं झालं’ वाचून कुणाचीही आई डॉक्टरकडे जाणार नाही, ते वाचून एखादी जाईल.

भायखळा ते बार्शी
‘फारसा’ नाही, ही मेहेरबानी झाली. तुमच्या हुकमाप्रमाणे लेख दुरुस्त करायचा नाही मला. शपथेचं मात्र लिहीन, माझ्या शब्दांत. बहिणीला विचारून.

परळ नाईट ड्युटी
बहिणीची तपासणी झाली का हेही विचारा. तिशी उलटली असेल तर.

भायखळा ते बार्शी
ती 38ची आहे. विचारतो.

भाद्रपदी
विषय कुठून कुठे गेला. मूळ मुद्दा अविधवा नवमीचा होता.

लालबागची लेक
अजिबात नव्हता.

ठाणे सेमी-फास्ट
पण तो दादरचा केटरर? नंबर राहिला.