चर्चा : बेघरांसाठी संपूर्ण शहरात एकच नोंद आणि एकच प्रतीक्षायादी असावी का?

उपनगरी

मुंबईत रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला निवारा मिळणे हे आज बव्हंशी त्याला कोण भेटले यावर अवलंबून असते. एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता भेटला, तर तो आपल्या ओळखीच्या निवाऱ्यात फोन लावतो. पोलीस भेटले, तर ते त्याला तिथून उठवतात. कोणीच भेटले नाही, तर तो माणूस जिथे आहे तिथेच राहतो. निवारे महापालिकेकडे, भिक्षेकरी गृहे महिला व बालविकास विभागाकडे, मनोरुग्णालये आरोग्य खात्याकडे आणि मुले बालकल्याण समितीकडे, अशी विभागणी असल्याने एकाच कुटुंबाची नोंद चार ठिकाणी होते आणि जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही.

२०११ च्या जनगणनेत मुंबईतील बेघरांची संख्या सुमारे ५७ हजार नोंदवली गेली. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या २०१३ च्या योजनेने दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी बारमाही निवारा हवा, असे ठरवले होते. त्या वेळची शहराची लोकसंख्या १ कोटी २४ लाख धरली, तर हा निकष संपूर्ण पाळूनही साधारण साडेबारा हजार जणांचीच सोय होते, आणि प्रत्यक्षातले निवारे त्या निकषाच्या जवळपासही नाहीत. खाटा अपुऱ्या असताना त्या कोणाला द्यायच्या, हा निर्णय कोणीतरी घेतोच. तो ओळखीपाळखीने घेतला जाण्यापेक्षा सर्वांना दिसेल अशा नियमाने घेतला जावा, असे माझे मत आहे.

माझा प्रस्ताव साधा आहे. संपूर्ण शहरासाठी एकच दूरध्वनी क्रमांक असावा, सर्व संस्थांनी एकाच नमुन्यात नोंद करावी, वय, आजार, गरोदरपण, अपंगत्व, सोबतची मुले यांवरून प्राधान्य ठरावे आणि निवारे व भाड्याची घरे त्याच एका यादीतून दिली जावीत. दिल्लीत २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले नागरी निवारा सुधार मंडळ दोनशेच्या घरात निवारे चालवते. त्याच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, परंतु तक्रार कोणाकडे करायची हे तरी तिथे ठाऊक असते. विरोधी मते अवश्य मांडावीत.

भायखळाकर

प्रस्तावाशी असहमत आहे. कारण तांत्रिक नाही. ज्या शहरात देण्यासाठी घरेच नाहीत, तिथे प्रतीक्षायादी करणे म्हणजे टंचाईला शिस्त लावणे होय. टंचाई त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट 'आपली नोंद झाली आहे, क्रमांक आला की कळवू' असे सांगून माणसाला वर्षानुवर्षे झुलवत ठेवण्याची सोय मात्र होते. संक्रमण शिबिरांत आयुष्य काढलेल्या कुटुंबांना विचारून पाहावे.

दुसरे असे की यादी कोणी करायची, हा प्रश्न आपण वगळला आहे. १९८५ मध्ये, म्हणजे पदपथवासीयांना हटवण्याविषयीच्या ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल ज्या वर्षी लागला त्याच वर्षी, भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना 'स्पार्क' या संस्थेने त्याच लोकांच्या मदतीने केली. पुढे महिला मिलनच्या नावाने एकत्र आलेल्या त्या वस्त्यांतील बायकांनी बचत गट चालवले, पुनर्वसनाची बोलणी केली आणि मानखुर्दला घरे मिळाली तेव्हा कोणी जायचे याच्या निर्णयात त्या होत्या. कोणाचा नवरा दारुडा आहे, कोणाची मुलगी दहावीला आहे, कोणाला जे. जे. रुग्णालयात वरचेवर जावे लागते, हे त्या बायकांना पाठ होते. कोणत्याही नमुना-अर्जात हे रकाने नसतात.

याउलट वरून ठरवलेल्या वाटपाचे उदाहरण चेंबूरजवळच्या माहुलचे आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून हजारो कुटुंबांना तिथे कागदोपत्री पक्की घरे दिली गेली. ती तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी होती, कामधंदा आणि शाळा दूर राहिल्या, आणि अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला. यादी तिथेही होतीच.

रात्रपाळी

मी एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून या विषयाची मला दिसणारी बाजू मांडते. बेवारस म्हणून दाखल झालेला रुग्ण बरा होतो, डॉक्टर डिस्चार्जच्या कागदावर सही करतात आणि तिथून पुढे आमच्या समाजसेवा अधीक्षकांची फोनाफोनी सुरू होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली निवाऱ्यांच्या क्रमांकांचा एक हाताने लिहिलेला कागद आहे. त्यातले काही क्रमांक खोडलेले, काहींच्या पुढे 'फक्त पुरुष', एकापुढे 'संध्याकाळी ६ नंतर' असे लिहिलेले आहे. पहिला निवारा विचारतो, माणूस स्वतः चालतो का. दुसरा आधार कार्ड मागतो. तिसऱ्याला लघवीची पिशवी लावलेला रुग्ण नको असतो. चौथा सांगतो की जागा नाही, आणि ते खरे आहे की नाही हे पडताळण्याचा कोणताच मार्ग नसतो. दुपारपर्यंत हे चालते आणि मग त्या माणसाला आणखी एक दिवस खाटेवर ठेवावे लागते किंवा फाटकापर्यंत सोडावे लागते. फाटकापासून पन्नास पावलांवर तो पुन्हा पथारी पसरतो आणि जखम चिघळली की आमच्याकडेच परत येतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातील कलम १९ सांगते की केवळ घर नाही किंवा कुटुंबाने नाकारले, या कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. कलम १०० नुसार पोलिसांनी आणलेल्या बेघर व्यक्तीला दाखल करण्याची गरज नसेल, तर तिला बेघरांसाठीच्या शासकीय आस्थापनेत पोहोचवायचे असते. कायदा स्वच्छ आहे. पण ती आस्थापना नेमकी कोणती आणि आज रात्री तिथे जागा आहे का, हे ठाण्यातल्या हवालदाराला कोण सांगणार? भायखळाकर यांचे म्हणणे वस्तीतल्या कुटुंबांपुरते मला पटते. माझ्या वॉर्डातल्या माणसाला मात्र वस्ती नसते आणि त्याच्या बाजूने बोलणारी बाईही नसते. त्याच्यासाठी कुठेतरी एक क्रमांक हवाच.

कलम२१

रात्रपाळी यांनी मांडलेली अडचण खरी आहे, तरीही मूळ प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे. महाराष्ट्रात मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ अजून लागू आहे. या कायद्यातील 'भीक मागणे' याच्या व्याख्येत, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी अशा रीतीने वावरणे की ती व्यक्ती भिक्षेवरच जगत असावी असे वाटेल, हेही येते. पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, मात्र त्या दिल्लीपुरत्या.

आता अशी कल्पना करा की शहरातल्या प्रत्येक बेघर माणसाचे नाव, छायाचित्र, झोपण्याची जागा आणि 'उत्पन्न नाही' ही नोंद एका संगणकात आहे. मोठ्या पाहुण्यांच्या भेटीपूर्वी रस्ते 'स्वच्छ' करण्याचा आदेश निघतो, तेव्हा ही यादी कोण मागेल आणि ती देण्यास कोण नकार देईल? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे, त्यामुळे त्या कायद्याच्या भरवशावर मी कोणालाही नाव नोंदवा असे सांगणार नाही. फुटपाथवरचे लोक नाव सांगताना कचरतात, त्याला अडाणीपणा म्हणू नये. पूर्वी नाव सांगितल्यावर काय झाले, हे त्यांच्या लक्षात आहे.

टेक्सासहून

मी ह्यूस्टनमध्ये राहतो. उपनगरी मांडतात ती पद्धत अमेरिकेत जुनी आहे. २०१२ च्या नियमांनी तिथल्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याने स्थानिक समूहांना ती बंधनकारक केली आणि २०१७ मध्ये तिचे तपशील ठरवून दिले. ह्यूस्टनमध्ये शंभराहून अधिक संस्था एकाच माहितीप्रणालीत नोंद करतात आणि २०११ पासून तिथली बेघरांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली आहे. ही संख्या एका रात्रीच्या गणनेवर आधारलेली असते, त्यामुळे ती तंतोतंत मानू नये. पण उतार खरा आहे.

मात्र यश एकत्र नोंदीचे होते, असे म्हणणे अपुरे ठरेल. ह्यूस्टनमध्ये घरभाडे किनारपट्टीवरच्या शहरांपेक्षा कमी आहे, बांधकामावर जमीनवापराचे नेहमीचे निर्बंध नाहीत, आणि संस्थांनी घरमालकांशी आधीच करार करून ठेवल्याने यादीतले नाव पुढे सरकले की हातात किल्ली पडत असे. लॉस एंजेलिसमध्येही एकत्र नोंदीची यंत्रणा आहे, पण तिथे घरे अत्यंत महाग आहेत आणि मूल्यमापन झालेली माणसे तंबूतच राहतात.

प्राधान्य ठरवण्याच्या पद्धतीबद्दलही सावध राहावे. अनेक अमेरिकी शहरांत १७ गुणांची एक प्रश्नावली वापरली जाई. आठ किंवा अधिक गुण मिळालेल्या एकट्या प्रौढाला कायम आधारासह घर द्यावे, चार ते सात गुणांना थोड्या काळाचे भाडे द्यावे आणि त्याखाली काही देऊ नये, असा तिचा साधारण हिशेब होता. प्रश्न मात्र असे होते : गेल्या सहा महिन्यांत किती वेळा रुग्णवाहिकेने गेलात, पोलिसांशी किती वेळा संबंध आला, कोणी जबरदस्तीने काही करायला लावते का. अनोळखी माणसासमोर टेबलाशी बसून याची खरी उत्तरे कोण देईल? कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा कमी गुण मिळतात, असे २०१९ च्या एका अभ्यासात दिसले आणि २०२० च्या अखेरीस ती प्रश्नावली तयार करणाऱ्यांनीच ती मागे घेण्याचे जाहीर केले. आपल्याकडे हीच परीक्षा जात, भाषा आणि लाज या तिन्हींच्या आडून होईल.

करदाता

एवढी यंत्रणा कशासाठी? यातले बहुतेक लोक परगावचे आहेत. तिकीट काढून त्यांना गावी पोहोचवावे, म्हणजे खर्चही वाचेल. भाडे भरणाऱ्या कष्टकऱ्याला शहर काही देत नाही आणि न भरणाऱ्याला रांगेत पुढे घेते, हे अन्याय्य आहे.

भायखळाकर

करदाता, आपण ज्यांना परगावचे म्हणता त्यांतल्या अनेक कुटुंबांची तिसरी पिढी याच फुटपाथवर जन्मली आहे. फुलांचे गजरे, झाडू, सिग्नलवरची खेळणी, लग्नाच्या मांडवातली भांडी ही सगळी कष्टाचीच कामे आहेत. १९८५ च्या निकालाने पालिकेचा हटवण्याचा अधिकार मान्य केला, हे खरे. पण माणूस कामाजवळ राहायला मिळावे म्हणून पदपथावर राहतो आणि त्याला तिथून काढणे म्हणजे त्याची उपजीविका काढणे, हेही त्याच निकालात मान्य झाले आहे. भाडे भरणाऱ्यांसाठी शहराने काही करावे, या मागणीत मी आपल्यासोबत आहे. २००८ च्या योजनेतून १६० चौरस फुटांची भाड्याची घरे बांधली गेली आणि त्यांतली बरीच पुढे संक्रमण शिबिरांसारखी वापरली गेली; राग असलाच तर तो तिकडे वळवावा.

उपनगरी

टेक्सासहून आणि कलम२१ यांच्या प्रतिसादांनंतर प्रस्तावाचा क्रम मी बदलतो. गुणांकन सध्या बाजूला ठेवू. माणसांची मध्यवर्ती यादीही नंतर. आधी निवाऱ्यांची यादी करू : प्रत्येक निवाऱ्याने रोज संध्याकाळी सात वाजता रिकाम्या खाटा, कोणासाठी आहेत त्यासह, एका ठिकाणी कळवाव्यात आणि ती माहिती रुग्णालये, पोलीस ठाणी व संस्था यांना खुली असावी. यात कोणाचेही नाव लागत नाही. तरीही एवढ्यावर थांबणे मला मान्य नाही, कारण आजारी वृद्ध आणि धडधाकट तरुण यांच्यात शेवटची खाट कोणाला द्यायची हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहील आणि तेव्हा नियम लागेलच.

रात्रपाळी

त्या यादीत आणखी एक रकाना हवा : नकार. कोणत्या निवाऱ्याने, किती वाजता आणि कोणत्या कारणाने माणूस घेतला नाही, हे लिहिले गेले पाहिजे. 'आधार नाही' म्हणून किती जणांना परत पाठवले आणि 'चालता येत नाही' म्हणून किती जणांना, हे तीन महिने मोजले गेले तरी शहरात कोणत्या प्रकारचा निवारा कमी आहे ते कळेल. माझा अंदाज असा की आजारातून उठलेल्यांसाठी सलाईन-पट्टीची सोय असलेला निवारा ही सर्वांत मोठी उणीव निघेल. २०१३ च्या निवारा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत वृद्ध, आजारी आणि मनोरुग्ण यांच्यासाठी विशेष निवाऱ्यांची तरतूद होतीच.

कलम२१

खाटांची आणि नकारांची नोंद मला मान्य आहे. ती निवाऱ्यांवर लक्ष ठेवते, माणसांवर नाही. नावांच्या यादीबाबत माझी अट कायम राहील : १९५९ चा कायदा महाराष्ट्रात रद्द होईपर्यंत ती यादी शासनाच्या हाती नसावी, आणि नाव काढून घेण्याचा हक्क नोंदवणाऱ्याला तोंडी मागणीवर मिळावा. सर्वोच्च न्यायालयाने शहरी बेघरांच्या निवाऱ्यांविषयीच्या ई. आर. कुमार प्रकरणात २०१६ मध्ये नेमलेल्या न्या. कैलाश गंभीर समितीनंतर राज्यस्तरीय समित्याही स्थापन करण्याचे आदेश निघाले. खाटांचा आणि नकारांचा मासिक तक्ता आपल्या राज्याच्या समितीपुढे ठेवणे बंधनकारक करता येईल, त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

भायखळाकर

तक्त्याला माझीही हरकत नाही. फक्त त्यात 'कुटुंब' हा रकाना पहिला असावा. नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात, बायको महिलांच्या आणि बारा वर्षांचा मुलगा तिसरीकडे, अशी सोय पत्करण्यापेक्षा लोक पुलाखाली एकत्र राहणे पसंत करतात आणि मग तेच लोक 'निवारा नाकारला' म्हणून मोजले जातात. माझ्या परिसरातल्या कुटुंबाने उद्या त्या क्रमांकावर फोन केला आणि पाच माणसांना एकत्र जागा मिळाली नाही, तर तो नकार निवाऱ्याच्या नावावर लिहिला जाणार की कुटुंबाच्या, याचे उत्तर उपनगरी यांनी द्यावे.