तेल्यावर मधमाशीचं औषध फवारायचं, का दवाखान्यासाठी राखायचं?

केगावकर
परवा सांगोल्याला मामाच्या बागेत गेलतो. डाळिंबं लिंबाएवढी झालीत आणि फळावर तेल्याचे, म्हणजे जीवाणूमुळं होणाऱ्या रोगाचे, डाग दिसायला लागलेत, मामानं नेहमीसारखी स्ट्रेप्टोसायक्लीनची ६ ग्रॅमची पुडी टाकीत सोडली. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, दोन्ही माणसांची औषधं. केंद्रानं डिसेंबर २०२१ मध्ये ही शेतीतनं बंद करायचा मसुदाही काढला होता. पण शेतकऱ्याला दुसरं काय देणार?
माझं मत स्पष्ट आहे, मधमाशीकडं बघा. तिच्या अंगात अ‍ॅपिडेसिन नावाचं पेप्टाइड असतं, १८ अमिनो आम्लांची बारकी साखळी. १९८९ ला बेल्जियममधल्या संशोधकांनी ते शोधलं आणि तेव्हाच लिहून ठेवलं की झाडांवर राहणाऱ्या बऱ्याच जीवाणूंवर ते चालतं. बहारात आपण बागेत मधमाशीच्या पेट्या ठेवतोच की, मग तिचंच हत्यार तेल्यावर का वापरायचं नाही? नैसर्गिक आहे, त्याचा स्प्रे व्हायलाच पाहिजे.

लॅबवाली_ताई
दादा, तळमळ पटते पण मत अजिबात पटत नाही. स्ट्रेप्टोमायसिन तरी कुठं कारखान्यात जन्मलं? १९४३ ला मातीतल्या जीवाणूपासनंच मिळालं ना. नैसर्गिक म्हणून आपण त्याला एकरावारी ओतलं आणि आज काय झालंय ते मी रोज जीवाणू वाढवायच्या प्लेटवर बघते, औषध लावलेल्या चकतीला भिडेपर्यंत जीवाणू बिनधास्त वाढलेले असतात. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळं गेली. नवीन हत्यारं मोजकीच आहेत, ती आधी पेशंटला.

मागावरचा_अण्णा
ताई, एक विचारतो. स्ट्रेप्टोमायसिनसुद्धा जीवाणूचं प्रथिन बनवणंच बिघडवतं आणि हे पेप्टाइडसुद्धा तेच करतं म्हणतात, मग फरक काय?

लॅबवाली_ताई
अण्णा, तुम्हाला मागावरच सांगते. रायबोसोम म्हणजे जीवाणूचा प्रथिनाची चादर विणायचा माग, त्याचे दोन भाग. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन लहान भागावर बसतात. ही पेप्टाइडं मोठ्या भागात, विणलेलं बाहेर पडायचा जो बोगदा असतो त्यात जाऊन बसतात. गायीच्या पांढऱ्या पेशीतलं असंच एक पेप्टाइड, बॅक-७, तिथं असं अडकतं की विणकाम सुरूच होत नाही. मधमाशीचं वेगळं आहे, ते चादर पूर्ण विणू देतं आणि चादर उतरवणाऱ्या गड्यालाच मागावर अडकवून ठेवतं. असे गडी कारखान्यात थोडेच, त्यामुळं बाकीच्या मागांवर चादरी तयार होऊन तशाच लटकतात आणि सगळा कारखाना बंद. मला तरी यापेक्षा सुंदर काही माहीत नाही. म्हणूनच जीव तुटतो की हे टाकीत जाऊ नये.

गोपाळसेवक
गायीच्या पेशीत आहे म्हणजे गोमूत्र फवारलं तरी चालेल की, खर्चच नाही.

लॅबवाली_ताई
नाही हो दादा. बॅक-७ रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत साठवलेलं असतं, तेसुद्धा झाकण लावलेल्या रूपात, संसर्ग झाला की झाकण कापलं जातं. गोमूत्र फवारून ते मिळणार नाही.

डाळिंब_मंगळवेढा
तुमी सगळे शिकलेले, बोला. मी गेल्या साली निम्मी बाग तोडली. बोर्डो मारलं, छाटणी केली, रोगट फळं गोळा करून जाळली, तरी पाऊस लागला की तेल्या पुन्यांदा. दुकानदार म्हणला डोस वाढव, वाढवला, काय झालं न्हाई. ताई तुमच्या पेशंटचं मला समजतंय, माझी आई पण आठ दिस आयसीयूत होती, पण बागंवर कर्ज हाय त्याचं कोण बघणार? दवाखान्याला राखा म्हणताय तर आमाला दुसरं द्या, नुसतं न्हाई म्हणू नका.

केगावकर
काकांचं हेच तर मला म्हणायचं होतं. ताई, जागा वेगळी आहे म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनला सरावलेला जीवाणूसुद्धा यानं मरेल ना?

लॅबवाली_ताई
मरू शकतो, ते मान्य. पण ही पेप्टाइडं आत शिरतात ती बहुतेक एका दारातनं, एसबीएमए नावाच्या प्रथिनातनं. ते दार नसलं तरी जीवाणू जगतो. मग हजारो एकरावर फवारलं की दार बुजवलेलेच मागं उरणार. तेल्याच्या जीवाणूवर हे कितपत चालतं तेही आधी तपासावं लागेल. शिवाय पेप्टाइड बनवणं महाग, आणि पानावर पडलं की तिथले प्रोटीन तोडणारे एन्झाइम त्याचे तुकडे करतात.
काका, तुमचं बरोबर आहे, मी नुसतं नाही म्हणून सुटू शकत नाही. माझं मत इतकंच की बागेचं पेप्टाइड वेगळं असावं, जे माणसाच्या औषधात कधीच येणार नाही असं. कीटकांत अशी पेप्टाइडं बरीच आहेत, माशीत ड्रोसोसिन, ढेकणाच्या जातीतल्या किड्यांत पायरोकोरिसिन.

मागावरचा_अण्णा
पण ताई, दोन्ही एकाच बोगद्यात बसत असतील आणि एकाच दारातनं जात असतील तर एकाला सरावलेला दुसऱ्यालाही दाद देणार नाही, नाव वेगळं असून काय उपयोग?

लॅबवाली_ताई
अण्णा, इथं माझं अडलंच. दार बुजलं तर दोन्ही जातील, खरंय. मग बागेसाठी दुसऱ्याच जागेवर बसणारं काहीतरी लागेल.

डाळिंब_मंगळवेढा
केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हाय, सोमवारी मी रोगट पानं-फळं घिऊन तिथं चाललोय. केगावकर, तुमी जवळच हाय, येताव का? हे मधमाशीचं इचारायला मला जमणार न्हाई.

केगावकर
येतो काका. दहाला गेटवर थांबतो.