फूटपट्टी चुकतेय

‘कलाशिक्षणाचा परिणाम मोजता येत नाही, मग शाळांनी त्यावर खर्च का करायचा?’ हा प्रश्न रास्त आहे, पण आपण फूटपट्टीच चुकीची घेतोय. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचे दहावीला जादा गुण मिळतात म्हणून मुलं चित्रकलेच्या क्लासला येतात आणि निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते. याला मी कलाशिक्षण म्हणणार नाही.

त्यापेक्षा १९६३ पासून चालत आलेला आपला पुरुषोत्तम करंडक, म्हणजे पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा बघा. झगमगाटाला महत्त्व नाही. भर संहिता, दिग्दर्शन आणि अभिनयावर. भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर येण्याआधी कॉलेजच्या जिन्यात, पार्किंगमध्ये रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी विंगेत संहिता घेऊन उभी असते आणि कुणी वाक्य गाळलं की क्षणात पुढचा शब्द पुरवते. करंडक एकाच संघाला मिळतो, पण ही तयारी हरलेल्यांचीही झालेली असते.

माझी तक्रार वेगळीच आहे. हे सगळं मिळतं ते कॉलेजात गेल्यावर, तेही ज्या कॉलेजात नाटकाची परंपरा आहे तिथेच. महापालिकेच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलाचं काय? त्याला पूर्णवेळ कलाशिक्षक द्या, खर्च आधी तिथे करा.